आधी हिरवळ खोडा: कंपेल रस्त्यावर मॅरेज गार्डन काढू पाहणाऱ्या जोडप्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या एका तरुण जोडप्याची कंपेलच्या पुढे, शहरापासून २५ किलोमीटरवर, वडिलोपार्जित साडेचार एकर जमीन आहे. सोयाबीन-गव्हात काही उरत नाही, म्हणून तिथे मॅरेज गार्डन, म्हणजे उघड्यावरचं मंगल कार्यालय, काढायचं आहे, पण 'निसर्गाला धरून'. त्यांनी यादीही पाठवली आहे: एक एकर लॉन, बांबूचा मंडप, सोलर, एक नवं बोअर, कंपोस्टचा खड्डा, कमळांचं छोटं कुंड. सुरुवात कुठून करावी, आणि यात पैसा सुटतो का, असं विचारलं आहे.

मी आणि माझे पती याच बाजूला २००९ पासून असंच एक गार्डन चालवतो. त्यामुळे उत्तर लांबणार. चुका बऱ्याच केल्या आहेत, त्या तुम्हाला फुकट मिळतील.

यादीतल्या पहिल्याच गोष्टीवर काट मारा. एक एकर म्हणजे सुमारे ४००० चौरस मीटर. वैशाखात आपल्याकडे हिरवळीला दर चौरस मीटरला रोज ५ लिटर पाणी लागतं, म्हणजे दिवसाला २० हजार लिटर. आता लग्नाचा हिशेब करा. हात धुणं, प्यायला, संडास, स्वयंपाक, भांडी, सगळं धरून आमच्याकडे माणशी ३० लिटर पडतात. ५०० माणसांचं लग्न म्हणजे १५ हजार लिटर. लग्न सरासरी महिन्यातून चार-पाच वेळा, हिरवळ मात्र रोज पाणी पिणार. बांबूचा मंडप घाला नाहीतर सोन्याचा, ज्या गार्डनात एक एकर लॉन आहे त्याला निसर्गाला धरून म्हणता येणार नाही.

आम्हीही पहिल्या वर्षी लॉन लावलं होतं. कलकत्ता गवताचे गालिचे ट्रकने आणले, फोटो फार सुंदर आले. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर आटलं, अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी. टँकरमागे टँकर मागवत राहिलो, आणि शेजारच्या पाड्यावरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आमच्या फाटकाशी उभ्या. आमचे सासरे, अण्णा, त्या दिवशी एकच वाक्य बोलले: "गावाला पाणी नाही आणि तू गवताला पाजतेस?" पुढच्या पावसाळ्यात सगळं लॉन उपटलं. आता मंचासमोर हजार-बाराशे चौरस फूट हिरवळ ठेवली आहे, फोटोपुरती. बाकी जागेत मुरूम दाबून घेतला आहे आणि लग्नाच्या दोन दिवस आधी गावातल्या बायका हळदीचा चौक आणि मंडपाची जागा शेणाने सारवून देतात. त्यांना त्याची मजुरी मिळते, आणि पाहुण्यांना वाटतं आम्ही काहीतरी विशेष 'थीम' केली आहे. वाटू द्या.

पाण्याचं मूळ दुखणं समजून घ्या, कारण सगळा धंदा त्यावर उभा आहे. आपले मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थांबतात. त्यातही दाटी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे आकाशातून पाणी पडतं त्या चार महिन्यांत आपल्याकडे एक लग्न नाही, आणि पाताळात पाणी उरत नाही तेव्हा दर दोन दिवसांआड लग्न. 'डग-डग रोटी, पग-पग नीर' हे माळव्याबद्दल म्हणत आलो, पण त्यातलं नीर केव्हाच बोअरांनी ओढून घेतलं. इंदूर शहर १९७८ पासून नर्मदेचं पाणी पितं, तेही जलूदहून ७० किलोमीटर, पंपांनी चढवून. आपल्या गावांना ती चैन नाही. शेजारच्या देवासला तर १९९० मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आणि त्याच देवास जिल्ह्यात २००६ पासून, उमाकांत उमराव जिल्हाधिकारी असताना, शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात तळी खोदायला घेतली. त्या तळ्यांना ते रेवासागर म्हणतात. मी २०१२ साली जाऊन ती बघून आले आणि तुमच्या यादीतल्या 'नवं बोअर'च्या जागी काय लिहायचं ते तिथे कळलं.

शेततळं. साडेचार एकरांतला उताराचा कोपरा त्याला द्या. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, बाजू तिरक्या ठेवून, म्हणजे साधारण १९ ते २० लाख लिटर. यातलं जवळजवळ निम्मं ऊन पितं आणि काही झिरपतं, हे धरूनच चाला. तरी आठ-नऊ लाख लिटर हातात राहतात, आणि तीस लग्नांना साडेचार लाख पुरतात. त्याशिवाय छप्पर. जेवणाच्या शेडचं छप्पर ४० बाय १०० फूट असेल तर ते ३७० चौरस मीटर झालं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडे वर्षाला ९०० मिलिमीटर धरा, गळती वजा करून ८० टक्के, म्हणजे अडीच लाख लिटरहून जास्त स्वच्छ पाणी नुसत्या पन्हाळीतून मिळतं. हे टाक्यात साठवा, तळ्यात सोडू नका. भांडी आणि हात धुण्याला हे पाणी, झाडं आणि संडासाला तळ्याचं. कमळांचं कुंड हवंच असेल तर तळ्याच्या काठाशी कमळं लावा, वेगळं कुंड म्हणजे डासांचं प्रसूतिगृह.

इथे काळ्या मातीबद्दल एक गोष्ट, जी इंदूरचे आर्किटेक्ट हमखास विसरतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी अडवते. तळ्याला हे वरदान आहे, अस्तराचं प्लास्टिक बहुतेक ठिकाणी लागतच नाही. पण हीच माती शोषखड्ड्याची वैरीण आहे. आमच्या पहिल्या आर्किटेक्टने नकाशात छानसा शोषखड्डा काढला, सहा फूट खोल, विटांचा. पहिल्या मोठ्या लग्नात रात्री नऊ वाजता तो भरला आणि धुण्याचं तेलकट पाणी चाट काउंटरच्या मागून वाहायला लागलं. पाणीपुरीवाला बिचारा पाटावर उभा राहून पुऱ्या देत होता. काळ्या मातीचा थर फोडून खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. कुठे आठ फुटांवर लागतो, कुठे बारा. आधी एक खड्डा खणून बघा, त्यात पाणी भरा आणि किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून मोजा, मग नकाशा काढा.

आणि तेलकट पाणी सरळ खड्ड्यात सोडायचंच नाही. भांड्यांच्या मोरीनंतर तेल अडवणारं दोन कप्प्यांचं टाकं बांधा, त्यातली तवंगाची साय दर लग्नानंतर काढा, मग पाणी खडी-वाळूच्या लांबट चरातून न्या आणि त्या चरात कर्दळ लावा. कर्दळ हे पाणी आनंदाने पिते आणि उन्हाळ्यात लाल-पिवळी फुलते, तीच आम्ही मंडपाच्या खांबांना लावतो. हा खटाटोप कशासाठी? क्षिप्रेचा उगम आपल्याच पट्ट्यात, उज्जैनी गावाशी आहे. तुमच्या शेताचा ओहोळ कुठल्या ना कुठल्या वळणाने तिलाच मिळतो. २०१४ पासून त्या नदीत नर्मदेचं पाणी आणून सोडावं लागतं, इतकी ती रोडावली. तिच्यात आपली जिलबीची कढई धुऊन पाठवायची का, हा विचार करा.

संडासांबद्दल एवढंच सांगते: सेप्टिक टँक रोजच्या कुटुंबासाठी नसून पाच तासांत ५०० माणसांसाठी बांधायचा आहे, हे गवंड्याला तीनदा बजावा. आणि लग्न झाल्यावर साफ करणारी मंडळी अॅसिड आणि फिनाईलच्या बाटल्या ओततात, ते थांबवा. त्याने टाकीतले मैला खाणारे जंतू मरतात, आणि मग पुढच्या लग्नात वास येतो तेव्हा आणखी फिनाईल ओतलं जातं.

आता जे तुमच्या यादीत नाहीच, पण सगळ्यात मोठं आहे. गाड्या.

५०० पाहुणे म्हणजे १४० गाड्या धरा. येऊन-जाऊन ५० किलोमीटर, म्हणजे ७००० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटरने साडेचारशेहून जास्त लिटर पेट्रोल. त्याच लग्नात तुमचा ६२ केव्हीएचा जनरेटर सलग सहा तास चालला तरी ६०-७० लिटर डिझेल खाईल. म्हणजे तुम्ही सोलर लावून, बॅटऱ्या घेऊन, जनरेटर पार बंद केलात तरी जे वाचवाल त्याच्या सहा-सात पट पेट्रोल फाटकाबाहेर जळतं. खेड्यातल्या गार्डनचं पहिलं पाप ते खेड्यात असणं हेच आहे. रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या सभागृहात पायी येता येईल असं लग्न, हिशेबाने, आपल्या बांबूच्या मंडपातल्या लग्नापेक्षा हिरवं ठरतं. ग्राहकाला मी हे तोंडावर सांगते. काही जण खरंच परत गेले.

उपाय आहे, तो म्हणजे बस. आम्ही भाड्यातच पाच बसेस धरतो. यजमानांना 'बस हवी का' असं विचारत नाही, विचारलं की 'नको' म्हणतात. एक राजवाड्याजवळून, एक सुदामा नगरातून, बाकीच्या पाहुणे कुठले त्यावर. बस इथेच थांबते, म्हणजे रिकामी फेरी पडत नाही. अडीचशे माणसं बसने आली की सत्तर गाड्या कमी, सव्वादोनशे लिटर पेट्रोल वाचतं आणि बसेसना पन्नासेक लिटर डिझेल पुरतं. पार्किंगला अर्धा एकर कमी लागतो, तिथे आम्ही आंबे लावले. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, 'आम्ही काय शाळेच्या सहलीला चाललोय?' पण रात्री परतीच्या बसमध्ये आज्या-मावश्यांची जी मैफल जमते, ती ऐकून पुढच्या लग्नवाले स्वतःहून बस मागतात. पार्किंगवर काँक्रीट किंवा पेव्हर टाकू नका, चाकांखालच्या दोन पट्ट्यांत खडी-मुरूम पुरे. मात्र पट्ट्या नीट भरा. मावठा झाला की काळ्या मातीत फसलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढाव्या लागतात, आणि नवरदेवाची गाडी त्यात असली तर फार वाईट दिसतं.

जेवण. इथे थोडी थांबते, कारण इथेच नासाडी आहे आणि इथेच आपल्या हातात काही करता येतं.

बाहेरच्या हलवायाला किंवा केटररला जागा नुसती भाड्याने दिलीत, तर कचऱ्यावरचा तुमचा ताबा गेला. केटररला ताटामागे पैसे मिळतात. वाया गेलेल्या अन्नाचा खर्च त्याचा नसतो, आणि साठ पदार्थ मांडले की त्याची पुढची तीन लग्नं पक्की होतात. आम्ही आता दोनच महाराज, म्हणजे आचारी, ठेवले आहेत, त्यांच्याशी करार पदार्थांच्या संख्येवर आहे. गोडाचे जास्तीत जास्त दोन पदार्थ, चाटचे तीन, एवढ्यावर यजमान अडले तर त्यांना दुसरं गार्डन दाखवतो. आणि दर लग्नाचं उष्टं आम्ही तोलतो. साधा शेतमालाचा काटा आहे. ताटातलं वेगळं, भांड्यात उरलेलं वेगळं, स्वयंपाकघरातली सालं-देठं वेगळी. वही ठेवली आहे. ही वही यजमानांना बुकिंगच्या वेळी दाखवली की जे काम भाषणाने होत नाही ते होतं. वहीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते: पंगतीच्या लग्नात ताटातलं उष्टं बुफेच्या निम्म्याहूनही कमी असतं. वाढपी आग्रह करतो म्हणून पंगतीत वाया जातं असं लोक म्हणतात. आग्रह होतो खरा, पण तो अर्ध्या जिलबीचा होतो. बुफेत माणूस रांगेत पुन्हा लागायला नको म्हणून एकाच वेळी ताटाचा डोंगर करतो.

मराठी लग्नांत पंगत सुचवली की लगेच पटते. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा, हे केळीच्या पानावर शोभतंच. माळवी घरांना दाल-बाफले सुचवा. तीही पंगतीचीच परंपरा आहे, बाफले म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांवर भाजतात, आणि ती राख आम्ही भांड्यांना वापरतो. बाफले तुपात बुडवून वाढताना जो मान मिळतो तो काउंटरवर कुठला?

ताट कुठलं, यावर माझं मत ऋतूप्रमाणे बदलतं. मार्गशीर्षापासून माघ-फाल्गुनापर्यंत पाणी आहे, तेव्हा स्टील. तीन टबांची पद्धत ठेवा: पहिल्यात राखेने किंवा साबणाने, दुसऱ्यात खळबळून, तिसऱ्यात स्वच्छ. नळ सोडून एक ताट धुण्याचा मोह कुणाला होऊ देऊ नका, नळाची तोटी काढूनच ठेवा. वैशाख-ज्येष्ठात मात्र पळसाच्या पत्रावळी. घेताना एक पत्रावळ पाण्यात भिजवा आणि नखाने सोलून बघा. आतून पातळ प्लास्टिकचा पापुद्रा सुटला तर सगळा गठ्ठा परत करा. यंत्रावर दाबलेल्या बऱ्याच पत्रावळींत तो असतो. चहाच्या 'कागदी' कपालाही आतून तसाच थर असतो, ते कप कंपोस्टात गेले की वर्षाने जसेच्या तसे पापुद्रे हाती येतात. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या काड्या यांवर तर १ जुलै २०२२ पासून बंदीच आहे, तरी टेंटवाला गुपचूप आणतो. त्याच्या टेंपोची फाटकातच झडती घ्या, संकोच करू नका.

पाण्याच्या २०० मिलीच्या बाटल्यांवर बंदी नाही, पण आमच्याकडे आम्ही केली. ५०० माणसांमागे दीड-दोन हजार बाटल्या होतात आणि निम्म्या अर्ध्याच प्यालेल्या. त्याऐवजी वाळा घातलेले माठ, तांब्याचे कळसे, आणि प्रत्येकाजवळ एक माणूस, ओगराळ्याने पेल्यात पाणी ओतून देणारा. शहरातल्या लोकांना शंका येते, म्हणून पाण्याच्या तपासणीचा ताजा अहवाल चौकटीत घालून माठाशेजारी टांगला आहे. शंका विचारणारे तो वाचतात, फोटो काढतात, मग दोन पेले पितात.

आता उरलेल्या अन्नाची गोष्ट, जी चुकली तर जीव जातात. लग्नाचं उरलेलं गायीला घालू नका. पुण्य वाटतं, पण एका गायीने बादलीभर भात, पोळ्या आणि गुलाबजाम खाल्ले की तिच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि दोन दिवसांत ती मरू शकते. आमच्या गावात एका गोशाळेत अशा दोन गायी गेल्या, अन्न आमच्याच मांडवातलं होतं. ते सांगताना अजून लाज वाटते. गायीला फक्त कच्ची सालं, देठं, पालेभाजीचा कचरा, तोही एका जागी ढीग न करता. न उष्टावलेलं गरम अन्न माणसांसाठी. पण रात्री अकराला उरलेलं अन्न घ्यायला खेड्यात कोण येणार? म्हणून आम्ही नऊ वाजताच महाराजांबरोबर भांडी बघतो, नवा घाणा थांबवतो, आणि जे जास्तीचं दिसतं ते त्याच वेळी वाफाळतं असताना झाकून गावात पाठवतो. ६० अंशांच्या खाली उतरून दोन तास झालेलं अन्न मी कुणाला देत नाही. पनीर आणि मठ्ठा तर नाहीच.

उष्टं बायोगॅसला जातं. तुमच्या यादीतल्या कंपोस्टच्या खड्ड्यात तेल-मिठाचं अन्न घातलंत तर उंदीर, कुत्री आणि वास. बायोगॅसचीही एक खोड आहे. तो रोजच्या शेणावर जगतो. त्याला एका रात्रीत ८० किलो पुरी-भाजी घातली की तो आंबतो, गॅस पेटत नाही आणि पंधरा दिवस रुसून बसतो. म्हणून दोन म्हशी तरी दावणीला हव्यात, आणि उष्टं पिंपात पाणी घालून ठेवायचं व दहा दिवसांत थोडं-थोडं घालायचं. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. आमचा प्लांट कामगारांचा चहा-स्वयंपाक भागवतो, लग्नाचा नाही. ज्यांना वाटतं की लग्नाच्या उष्ट्यावर पुढच्या लग्नाचा स्वयंपाक होईल, त्यांनी इंदूरच्या देवगुराडियाचा बायोगॅस प्लांट बघून यावा: २०२२ मध्ये सुरू झालेला, रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा. शहराला ते जमतं कारण तिथे रोजचा कचरा रोज येतो आणि घरातूनच वेगळा होऊन येतो. आपल्याकडे महानगरपालिकेची गाडी यायची नाही. पण नियम आपणही पाळायचा. परवाना नसलेल्या जागी १०० हून जास्त माणसं जमवायची असली तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगळा करायचा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं. आपल्या बाबतीत पंचायतीला कळवा. सरपंचांना पत्र द्या, पोच घ्या.

अक्षता हा छोटा मुद्दा. पोत्याने रंगवलेले तांदूळ उधळले जातात. आम्ही माणशी चिमूटभर, पानाच्या द्रोणात, हळदीने रंगवून देतो. रासायनिक रंग नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी चिमण्या आणि मोर टिपून जातात. फुलांच्या सजावटीत हिरवा फोम आणू देऊ नका, तो चुरा होऊन मातीत राहतो. झेंडू-निशिगंध गावातच कुणाला लावायला सांगा, हार सुती दोऱ्यात.

सोलर. लावा, पण कशासाठी ते ओळखून. तुमचा भार रात्री, सूर्य दिवसा, आणि लग्नं वर्षातून तीस-चाळीस. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट होतात, ते नेट मीटरमधून वर्षभर जमा होत राहतात आणि लग्नाच्या रात्री वळते होतात. एवढंच. लोकांना वाटतं, वीज गेली की सोलर चालेल. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. तेव्हा जनरेटर लागणारच, तो लहान लागावा हे बघा. ४०० वॉटचे हॅलाइड दिवे काढून एलईडी, तेही पिवळट. पिवळ्या उजेडाला किडे कमी येतात, आणि रबडीत पाखरं पडत नाहीत.

वीज वाचवायचा खरा उपाय सूर्यप्रकाशात लग्न लावणं हा आहे. मराठी लग्नं मुळात सकाळ-दुपारची किंवा गोरजाची. इंदूरला राहून आपणही रात्रीची बारात, घोडी आणि बारा वाजताचं जेवण उचललं. थंडीतल्या दिवसाच्या लग्नाला आम्ही भाडं बरंच कमी ठेवतो. उन्हाळ्यात मात्र दुपारचं लग्न सुचवू नका. एक-एक जंबो कूलर रात्रीत दोनशे लिटर पाणी पितो, दुपारी त्याहून जास्त. वैशाखात सकाळी साडेदहापर्यंत सगळं आटोपणारा मुहूर्त किंवा गोरज. सावलीसाठी कडुनिंब, करंज, चिंच आजच लावा, दहा वर्षांनी मांडव घालायची गरज कमी होईल.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालापासूनचा नियम आहे. आमच्याकडे मुख्य स्विच माझ्या खोलीत आहे.

आतषबाजी करारातच बंद करा. आमच्या दुसऱ्या वर्षी, मार्चात, वरातीतला एक रॉकेट शेजाऱ्यांच्या उभ्या, पिकल्या गव्हात पडला. कापणीला आठ दिवस होते. माणसं ओल्या गोण्या घेऊन धावली म्हणून दोनच बिघ्यांवर निभावलं. भरपाई दिली, पण शेजाऱ्यांनी वर्षभर बांधावर बोलणं सोडलं होतं. आकाशकंदील सोडणंही त्यातच आलं.

पैसा सुटतो का? सुटतो, पण हजार-दोन हजार माणसांचं लग्न घ्यायचं नाही असं ठरवलं तरच. ५०० वर आकडा गेला की पाणी, संडास, बसेस, महाराज, सगळे हिशेब एकदम कोसळतात. आम्ही ३०० पर्यंत एक भाडं, ५०० पर्यंत दुसरं ठेवतो, आणि त्यापुढे नाही. कचऱ्याची अनामत वेगळी घेतो. प्लास्टिक निघालं किंवा फटाका वाजला तर ती परत नाही. पहिली चार वर्षं आमच्या बुकिंगा बायपासवरच्या गार्डनांच्या निम्म्याही नव्हत्या, आणि शेती चालू होती म्हणून टिकलो. तुम्हीही साडेचारातली दोन एकर शेती चालूच ठेवा. पंगतीतली भाजी आणि मंडपाचा झेंडू तिथूनच येईल. जमिनीचं डायव्हर्शन, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेणं, फक्त लागेल तेवढ्याचंच करा.

बांबूचा मंडप? करा की. छान दिसतो. वाळवी लागू नये म्हणून बांबू मिठाच्या नाही, बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून घ्या.

पण आता माघ चालू आहे, आणि या वर्षी मांडवाचा विचार नको. तुमचा गहू निघाला की चैत्रात उतारावरचा कोपरा रिकामा होईल. पोकलेनवाले तेव्हा सगळीकडे गुंतलेले असतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवा. मृग लागायच्या आत तळं खोदून, बांध चोपून, सांडवा, म्हणजे जादा पाणी निघायची वाट, दगडांनी बांधून झाला पाहिजे. सांडवा विसरलात तर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो. निघालेली माती विकू नका, पार्किंगच्या कडेने पसरा आणि त्यात करंज लावा. बोअरवाल्याला फोन केला असेल तर त्याला नाही म्हणून कळवा.